अक्षयसेनाची चतुःसीमा

एका राज्यात, ज्या राज्याचा वारसाकायदा मला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मुखोद्गत आहे... म्हणजे पहिलं अक्षर येतं आणि शेवटचं येतं, मधल्या पानांच्या वेळी मी शाळेमागच्या चिंचेवर होतो. पण गोष्टीला तेवढं पुरतं. तर एका राज्यात मेलेली माणसं घरात राहत आणि जिवंत माणसं ओसरीवर.

हसू नका. ज्यांची सख्ख्या भावाशी बोलणी बंद आहेत त्यांनी तर मुळीच हसू नये.

त्याचं असं झालं. त्या राज्याचा राजा अक्षयसेन. त्याला द्यायचं म्हटलं की पोटात दुखे. दान द्यायचं नको, आशीर्वाद द्यायचा नको, इतकंच काय, कुणाला वाट द्यायचीही त्याच्या जिवावर येई. मरण जवळ आलं तसं त्याच्या ध्यानात आलं, की आता सगळंच द्यावं लागणार. एकुलती एक मुलगी होती, राजकन्या कुमुदिनी. चांगली होती, शहाणी होती, पण ती ‘दुसरी’ होती. राजानं दरबारच्या मांत्रिकाला, कालकेतूला, बोलावलं. कालकेतू लेखणीही चालवी आणि मंत्रही. त्याच्याकडून राजानं मृत्युपत्र लिहवून घेतलं: माझा वारस मीच, माझ्यामागे ताबा माझाच, आणि जोवर मला वारस लागत नाही तोवर ह्या राज्यात कुणालाच लागू नये. खाली शिक्का उठवला आणि राजा मेला.

मेला, पण सिंहासनावरून उठला नाही.

त्या दिवसापासून राज्यात बाप मेला की दुसऱ्या सकाळी उठून कामाला लागे. बोलत नसे, जेवत नसे, कुणाकडे बघत नसे. सुतार रंधा मारी, त्यातून भुसा पडत नसे. आजी जात्यावर बसे, पीठ येत नसे. मुलगा बापाच्या विहिरीवर गेला की पाणी हातभर खाली जाई. मुलीनं आईची पाटली उचलली तर ती हातात बर्फासारखी गार पडे आणि आई आतून हळूच मान वळवी. तेवढंच. पण ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा घरात पाऊल टाकत नसे. चोराला मात्र सगळं सुरळीत उचलता येई, कारण चोर कुणाचा वारस नसतो. त्या बारा वर्षांत चोर जाडजूड झाले.

आता येसूकडे वळू. येसू साळीण, वय चोवीस, बोलण्याला तिखट, पोटानं उपाशी. तिचा बाप बाळोजी साळी अकरा महिन्यांपूर्वी वारला आणि दुसऱ्या दिवसापासून मागावर बसला. खटक्-खट्, खटक्-खट्. धोटा इकडून तिकडे जाई, धागा नसे. कापड नसे. भर दुपारी बंद दाराआडून तो आवाज ऐकत येसू ओसरीवर दोऱ्या वळत बसे. दोऱ्यांवर पोट भरत नव्हतं. माग हाती आला असता तर भरलं असतं.

बाळोजी जिवंत असतानाही फार बोलणारा नव्हता. येसू बारा वर्षांची होती तेव्हापासून तिनं कापड उतरवलं की तो एकच म्हणे, “किनार दाखव.” मग नखानं किनारीचा धागा उचलून बघे, घरच्या, बाजारच्या, शेजारच्या कापडांच्या किनारी तिच्याकडूनही नखानं तपासून घेई, आणि उठून जाई. छान नाही, वाईट नाही. असली माणसं जिवंतपणीच अर्धी भुतं असतात, माझं मत विचाराल तर. कुणी विचारलेलं नाही.

एके दिवशी दवंडी आली. राजकन्येची होती. शाप लागल्याला तीन दिवसांनी बारा वर्षं पुरी होणार. आणि त्या राज्यात वहिवाटीचा कायदा असा, की सलग बारा वर्षं ज्याचा ताबा, मालकी त्याचीच, कायमची. म्हणजे राजाचं मृत्युपत्र कायमचं, आणि चौथ्या दिवसापासून घरं मेलेल्यांची, विहिरी मेलेल्यांच्या, आणि जिवंत माणसं त्यांची कुळं.

येसूनं दोरीची गुंडाळी खाली ठेवली. दाराला कान लावला. खटक्-खट्. मग पदर खोचून ती राजवाड्याकडे निघाली.

राजकन्या कुमुदिनी राजवाड्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. बारा वर्षं ती तिथंच बसत होती. पायरीला खळगा पडला होता.

“बाईसाहेब,” येसू म्हणाली, “मी काय करू ते सांगा.”

“तू कुणाची?”

“बाळोजी साळ्याची. पण तो मागावरून उठेना.”

राजकन्या किंचित हसली. “माझाही उठेना. ऐक. कुठलंही मृत्युपत्र तीन गोष्टींवर उभं असतं: लेख, साक्ष आणि हद्द. तिन्ही तपासल्याशिवाय ते मोडत नाही. मी वारस आहे, माझा हात लागला की लेख गोठतो. हे काम परक्यानं करायचं. बारा वर्षांत परका कुणी आला नाही. परक्यासाठी कोण कशाला येईल?”

“मी तरी तुमच्यासाठी कुठं आलेय?” येसू म्हणाली.

“म्हणूनच तुझ्यावर विश्वास बसतो,” राजकन्या म्हणाली. “जा. लेख दफ्तरखान्यात आहे. कालकेतू प्रश्न विचारील. संभाळून उत्तर दे.”

पहिला दिवस.

दफ्तरखाना लांबलचक होता आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या होत्या. फळ्यांवर लाल रुमालात बांधलेली गाठोडी, जशी कागदांची असतात. येसू मधून चालली. एका गाठोड्याशी तिचा पदर अडकला. सोडवायला वाकली तर गाठोडं श्वास घेत होतं. सगळीच घेत होती. हळूहळू, एकसाथ, झोपलेल्या घरासारखी.

टोकाला कालकेतू बसला होता. बोटं शाईनं काळी, कोपरापर्यंत.

“हे कोण?” येसूनं गाठोड्यांकडे बोट दाखवलं.

“दावेदार. चुलते, मावसभाऊ, मानलेले भाचे. राजाशी नातं सांगत आले. ज्यानं नातं सांगितलं त्याची मी नोंद केली.” त्यानं एक कोरा लाल रुमाल मांडीवर पसरला. “तू राजाची रक्ताची कोण?”

“कुणी नाही.”

“लग्नाच्या नात्यानं?”

“छे.”

कालकेतूचा आवाज मऊ झाला. “मग दत्तक हो. मयत राजाच्या वतीनं मी तुला दत्तक घेतो. राजकन्या होशील. पायरीवरची ती नव्हे, आतली. अंगभर रेशीम, ताटभर जेवण. नुसतं हो म्हण.”

येसूच्या पोटात दोन दिवसांपासून अन्न नव्हतं. फळ्यांवरचे श्वास थांबले. रुमालाची चारही टोकं आपोआप उचलली गेली आणि तिच्या पायाच्या अंगठ्याशी येऊन थांबली.

“नको,” येसू म्हणाली. “एक बाप आहे, तोच अजून गेलेला नाही. दुसरा घेऊन कुठं ठेवू?”

टोकं खाली पडली. कालकेतूनं मोठ्ठी जांभई दिली. बारा वर्षांची साठलेली होती. “तुझा काही संबंध नाही,” तो म्हणाला, “तर घेऊन जा. ज्याचा संबंध असतो त्याला हेलपाटे, ज्याचा नसतो त्याला अस्सल प्रत. दफ्तराचा नियमच आहे.” तुमच्या गावच्या कचेरीत असं नसेल. मी आपलं त्या राज्याचं सांगतोय.

मृत्युपत्र कागदावर नव्हतं, कापडावर होतं. पांढरं, हातभर रुंद, चांगलं लांबलचक. येसूनं ते पायऱ्यांवर पसरलं आणि राजकन्येनं हात पाठीमागे बांधून, वाकून वाचलं. चतुःसीमेशी येऊन तिचा आवाज सावकाश झाला.

“पूर्वेस खुद्द अक्षयसेन. पश्चिमेस खुद्द अक्षयसेन. उत्तरेस खुद्द अक्षयसेन. दक्षिणेस खुद्द अक्षयसेन.”

“असं कुठं असतं?” येसू म्हणाली. “चारी बाजूंना शेजाऱ्यांची नावं लागतात. आमच्या परसाच्या लेखातसुद्धा पूर्वेस तेल्याचा गोठा आहे.”

“शेजारच्या राजांची नावं बाबांना सहन होत नसत.”

पण येसूचं लक्ष आता शब्दांवर नव्हतं. तिनं कापडाची सोनेरी किनार चिमटीत धरली, नखानं धागा उचलला आणि फस्सकन हसली.

“काय झालं?”

“बाईसाहेब, ही किनार विणलेलीच नाही. रंगवलेली आहे! सोन्याच्या रंगाचा नुसता पट्टा. एक धागा ओढला तर सगळं उसवत जाईल. कुण्या लबाडानं राजाला टोपी घातली हो! कुणी विणलं हे?”

“ठाऊक नाही. विणणाऱ्याची जीभ कालकेतूनं मंत्रानं बांधली होती. ह्या कापडाविषयी एक अक्षर बोलला असता तर ती दगडाची झाली असती.”

“बोलेल कशाला? लाज वाटली असेल. माझ्या बापानं असलं काही मागावरून उतरू दिलं नसतं.” आणि तिनं तिथल्या तिथं धागा ओढायला हात घातला. धागा हलेना. लोखंडाच्या तारेसारखा ताठ.

“साक्ष आणि हद्द बाकी आहे,” राजकन्या म्हणाली. “तोवर लेख पक्का.”

दुसरा दिवस.

मृत्युपत्राच्या खाली साक्षीदाराची निशाणी होती: पक्ष्याच्या पंजाची. पूर्वेच्या वेशीवर करंजाचं झाड होतं, त्यावर भारद्वाज बसला होता. त्याची एकदा साक्ष झाली की सुटका, आणि साक्ष कुणी काढलीच नव्हती. म्हणून बारा वर्षं तो त्या एका फांदीवर होता. त्या फांदीचं पान बारा वर्षांत हललं नव्हतं. झाडाच्या सावलीत उन्हाळ्याच्या ऐन दुपारीही थंडी वाजे.

“साक्ष द्या,” येसू खाली उभी राहून म्हणाली.

“साक्ष खोट्यासमोर होत नाही,” भारद्वाज म्हणाला. त्याचे डोळे गुंजेसारखे लाल. “आधी तू सांग. शाप मोडून तुला काय हवं? एक खोटं, एक बोट.”

“राज्याचं भलं व्हावं,” येसू म्हणाली. चांगलं वाटतं ना ऐकायला? तिलाही वाटलं. तिच्या डाव्या हाताची करंगळी पांढरी पडली आणि थंड झाली, जणू कुणा दुसऱ्याची होती.

“बरं, राजकन्येला न्याय मिळावा.”

करंगळीशेजारचं बोट गेलं. साळ्याच्या पोरीला बोटं म्हणजे काय हे मी सांगायला नको. उरलेली आठ येसूनं मुठीत घट्ट धरली. सावलीत तिच्या तोंडाची वाफ दिसत होती.

“माग हवा,” ती शेवटी म्हणाली. “पोटाला हवा. बाबा जायला हवेत.” मग थांबली. “आणि जायला नकोत. अकरा वर्षं मी कापडं विणली, एकदा तरी बरं म्हणाले असते. ते गेले की कोण म्हणणार? आता निदान आवाज तरी येतो आतून.”

बोटं आठ होती, आठच राहिली. भारद्वाजानं पंख झटकले.

“तर ऐक. मी पाहिलं ते सांगतो. कालकेतूनं आधी चारी शेजाऱ्यांची नावं लिहिली होती. राजानं ती चारही खोडायला लावली. म्हणाला, दुसऱ्याचं नाव माझ्या लेखात नको. हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलं आणि ह्या पंजानं निशाणी केली. आता आणखी एक, ते साक्षीत नाही, पण शिवेवर बसणाऱ्याला माहीत असतं. ज्याच्या हद्दीबद्दल शंका निघेल त्यानं डोक्यावर स्वतःच्या मातीचं ढेकूळ घेऊन शीव चालून दाखवायची. शेजारी समोर येऊन ‘इथून माझं’ म्हणाला की तिथं थांबायचं. चालायला नकार दिला तर मालकी गेली. हा रिवाज राजालाही लागू आहे आणि मेलेल्यालाही.”

एवढं बोलून तो उडाला. बारा वर्षांनी फांदी हलली.

तिसरा दिवस. शेवटचा.

येसू दरबारात शिरली तेव्हा सकाळ सरली होती. दरबारी आपापल्या जागी उभे होते, मेलेले, कपड्यांची घडी न मोडलेले. तिची पावलं वाजत होती, पण एक पाऊल टाकलं की दोन वाजत. ती थांबली तरी एक वाजलं. तिनं मागं वळून बघितलं नाही. तुम्ही बघितलं असतंत.

राजा अक्षयसेन सिंहासनावर होता. नखं वाढून सिंहासनाच्या हातांत रुतली होती, मुळांसारखी. सूर्य खिडकीतून त्याच्यावर पडत होता आणि त्याची सावली मात्र चारी बाजूंना पडली होती.

“कोण?” राजा म्हणाला. ओठ हलले नाहीत.

“मी येसू. महाराज, हद्द दाखवा.”

“काय म्हणून?”

“मी उभी आहे ती जागा कुणाची?”

“माझी.”

“तिच्यापलीकडची?”

“माझी.”

“कुठपर्यंत?”

येसूनं बाहेरच्या बागेतलं एक ढेकूळ आणलं होतं, ते पुढे धरलं. “हद्दीबद्दल शंका आहे. चालून दाखवा, नाहीतर नाही म्हणा.”

‘नाही म्हणायचं’ म्हणजे सोडायचं, आणि सोडणं त्याला कधी जमलेलं नव्हतं. नखं कडाकडा मोडली. राजा उठला. वाकला. येसूनं ढेकूळ त्याच्या मुकुटावर ठेवलं, मृत्युपत्राचं कापड त्याच्या खांद्यावर टाकलं आणि किनारीचा एक धागा आपल्या डाव्या हाताच्या दोन थंड बोटांना गुंडाळला.

राजा चालू लागला. राजवाडा ओलांडला; पायरीवरून राजकन्या उठून उभी राहिली, तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. वेस ओलांडली. शेतं आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांची दारं उघडून मेलेली माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती आणि सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वळत होत्या. शिवेवर शेजारच्या राज्याचे लोक हातात विळे घेऊन उभे होते. राजा त्यांच्यासमोर थांबला. थांबायला त्याला आवडलं असतं. कुणीतरी ‘इथून माझं’ म्हणावं म्हणून तो वाट बघत राहिला.

“बोला ना,” येसू त्यांना म्हणाली.

“आम्ही कसं बोलावं?” त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. “त्यांच्या लेखात आमचं नावच नाही. पूर्वेला तेच आहेत म्हणे.”

राजा पुढे चालू लागला. आता ते ढेकूळ जड झालं होतं. त्याची मान खांद्यात जात होती. आणि येसूच्या बोटांतला धागा, जो परवा तारेसारखा ताठ होता, तो सुटला. सर्रकन सुटला. हद्द सापडेना, तसा लेख सैल होत चालला. किनार खरी असती तर कापड तिथंच धरून राहिलं असतं आणि तो पृथ्वीभोवती फिरून परत सिंहासनावर येऊन बसला असता, संध्याकाळच्या आत, वहिवाट पुरी करून. पण रंग काही धागा धरत नाही. राजा पुढे, कापड मागं उसवत. आधी शिक्का गेला, मग पंजा, मग उत्तर, दक्षिण. धाग्यानं येसूची बोटं कापली, रक्त आलं. तिला कळलं नाही, ती बोटं तिची नव्हतीच. ‘माझा वारस मीच’ एवढीच ओळ उरली. मग ‘माझा’ उरलं.

मग धाग्याचं टोक तिच्या हातात आलं.

वाटेवर पुढे कुणी नव्हतं. मातीचं एक ढेकूळ पडलं होतं. येसूनं पायानं लोटलं, तर ते हलकंच होतं, फुटलं.

मागे सगळ्या उंबऱ्यांवरची माणसं एकदमच खाली बसली, दिवसभराच्या कामानंतर बसतात तशी, आणि उठली नाहीत. पहिल्यांदा कुणीतरी रडलं. मग घराघरांतून रडणं निघालं, बारा वर्षांचं तुंबलेलं. विहिरींचं पाणी वर आलं. दफ्तरखान्यातली गाठोडी सुटली आणि चुलते, मावसभाऊ, मानलेले भाचे आळोखेपिळोखे देत आधी जेवायचं विचारू लागले. राजकन्या कुमुदिनी सिंहासनावर बसली. बसण्याआधी तिनं कालकेतूला नवा लेख लिहायला बसवलं आणि पहिल्या चार ओळींत चारी शेजाऱ्यांची नावं घातली. मग स्वतःचं घातलं.

येसू ह्यातलं काही बघायला थांबली नाही. धावत घरी आली. दिवस अजून उरला होता. आतून आवाज येत नव्हता. ती ओसरीवर क्षणभर थबकली, मग दार ढकललं. दार उघडलं.

बाळोजी मागावरून उठून उभा होता. इतरांसारखा बसला नव्हता. अंगावरची धूळ झटकत होता, जशी पूर्वी बाजाराला निघताना झटकी.

“बाबा,” येसू म्हणाली.

त्यानं धोटा तिच्या हातात दिला. धोटा थंड नव्हता. तो तिच्या बाजूनं दाराकडे निघाला, आणि आता तो जाणार हे येसूला कळलं. मग बारा वर्षं त्याला ऐकवायचं होतं तसं ती बोलली.

“शाप मी मोडला, बाबा. राज्यात कुणाला जमलं नाही ते मी केलं. कुण्या लबाडानं किनार रंगवून राजाला फसवलं होतं, नजर टाकल्याबरोबर मी पकडलं. सबंध राज्यात माझ्याएवढं कुणाला दिसलं नाही.”

बाळोजी उंबऱ्यावर थांबला. दगडाची होण्याचं भय सुटलेली जीभ त्यानं एकदा ओठांवरून फिरवून पाहिली.

“दिसणारच नाही,” तो म्हणाला. “आणि इतकी वर्षं मी तुला नखानं किनारी तपासायला लावत होतो, ते काय मला दुसरा उद्योग नव्हता म्हणून?”